चित्र कोणाचं, वायर कोणाची?

२ एप्रिल १९८७ रोजी आयबीएमने पीएस/२ ही कॉम्प्युटरची नवी मालिका जाहीर केली. हेतू सरळ होता. आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीची नक्कल करून ढीगभर कंपन्या स्वस्तात कॉम्प्युटर विकत होत्या, त्यांना चाप लावायचा होता. म्हणून आतली कार्डं जोडण्याची पद्धतच बदलली. मायक्रो चॅनल नावाची ही पद्धत वापरायची तर आयबीएमचं लायसन्स घ्या आणि पैसे मोजा, असा मामला होता. प्रतिस्पर्ध्यांनी ते मान्य केलं नाही. १९८८मध्ये एकत्र येऊन त्यांनी आपली वेगळी पद्धत काढली आणि मायक्रो चॅनल काही वर्षांत इतिहासजमा झालं.

पण त्याच खोक्याच्या मागे एक छोटं पोर्ट होतं. तीन ओळींत पंधरा पिना, दोन्ही बाजूंना स्क्रू. त्याची नक्कल जगभर झाली आणि ती कुणी थांबवू शकलं नाही. हेच व्हीजीए. कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टरमधून लोंबकळणारी निळ्या तोंडाची जाड केबल आठवत असेल, तर तुम्ही त्याला भेटला आहात.

एकाच कंपनीच्या एकाच मशीनमधली कुलूपबंद गोष्ट मेली आणि मोकळी गोष्ट तीस वर्षं जगली. कॉम्प्युटरपासून पडद्यापर्यंत जाणाऱ्या वायरींचा पुढचा सगळा इतिहास मला या एका जोडीत दिसतो. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. दिवसभर मी पडद्यावर काय दिसावं हे ठरवत असतो. पण ते दिसेल की नाही, हे कधीकधी माझ्या कोडच्या पुढे, शेवटच्या दीड मीटर वायरीत ठरतं. आणि तिथले नियम कोण लिहितं, त्यावर बरंच काही अवलंबून असतं.

आधी डिजिटल, मग अ‍ॅनालॉग, मग पुन्हा डिजिटल

आपल्याला वाटतं, जुनं ते अ‍ॅनालॉग आणि नवं ते डिजिटल. पीसीच्या पडद्यांचं उलटं झालं. १९८१च्या सीजीए कार्डातून मॉनिटरकडे रंगासाठी चार वायरी जात: लाल, हिरवा, निळा आणि 'उजळ'. प्रत्येक वायर चालू किंवा बंद. चार वायरींच्या चालू-बंदचे सोळा प्रकार, म्हणून सोळा रंग. १९८४च्या ईजीएने वायरी सहा केल्या आणि चौसष्ट रंग शक्य झाले. हे सगळं डिजिटलच होतं. अडचण एवढीच की रंग वाढवायचे तर वायरी वाढवत बसायला लागणार.

व्हीजीएने ही गाठ सोडवली ती अ‍ॅनालॉगकडे जाऊन. प्रत्येक रंगाला एकच वायर, पण तिच्यावरचा व्होल्टेज कमी-जास्त होणार. शून्य म्हणजे काळोख, साधारण ०.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण उजेड, आणि मधे हव्या तेवढ्या छटा. व्हीजीएचं कार्ड प्रत्येक रंगाच्या ६४ छटा काढू शकत होतं, म्हणजे ६४ गुणिले ६४ गुणिले ६४, एकूण २,६२,१४४ रंग. तेव्हाचे मॉनिटर काचेच्या नळीचे होते. नळीतल्या इलेक्ट्रॉनच्या झोताला असा कमी-जास्त होणारा व्होल्टेजच हवा असतो, त्यामुळे सगळं जमून आलं.

बिघडलं ते सपाट एलसीडी आल्यावर. एलसीडीच्या पडद्यावर ठिपक्यांची पक्की जाळी असते. प्रत्येक ठिपक्याला आकडा हवा असतो. कॉम्प्युटरकडेही आकडेच असतात. पण मधे व्हीजीए असल्यामुळे कॉम्प्युटर आकड्यांचे व्होल्टेज करायचा आणि मॉनिटर त्या व्होल्टेजचे पुन्हा आकडे करायचा. दोन मराठी माणसांनी मधे दुभाषी बसवून इंग्रजीतून बोलावं, तसं. एक ठिपका कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागे. अंदाज चुकला की अक्षरं फिसकटत. जुन्या एलसीडी मॉनिटरवर 'ऑटो' नावाचं बटण असायचं, ते हा अंदाज पुन्हा बांधण्यासाठीच.

पहिलं टेबल: कॉम्प्युटरवाले

दुभाषी काढून टाकायचे प्रयत्न दोन-तीन झाले. टिकला तो डीव्हीआय. इंटेल, सिलिकॉन इमेज, कॉम्पॅक, फुजित्सु, एचपी, आयबीएम आणि एनईसी यांनी मिळून त्याचा आराखडा लिहिला. त्यावर तारीख आहे २ एप्रिल १९९९. पीएस/२च्या घोषणेला त्याच दिवशी बारा वर्षं झाली होती. योगायोगच.

डीव्हीआयच्या आतली युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढे एचडीएमआयनेही तीच वापरली. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करा: सेकंदाला जवळपास ३ अब्ज बिट. आपण ऑनलाइन सिनेमा बघतो तेव्हा तो दाबून-आवळून काही जीबींचा झालेला असतो. वायरीतून जाताना तो उलगडलेला असतो. दोन तासांचा सिनेमा असा उलगडला तर २,६०० जीबींच्याही पुढे जातो.

इतक्या वेगात साध्या वायरीवर आजूबाजूचा विद्युत कचरा मिसळतो. म्हणून प्रत्येक रंगासाठी एक नाही, दोन वायरींची जोडी. दोन्हींवर एकच संदेश, पण एकमेकांच्या उलट. वाटेत कचरा मिसळला तर दोन्हींवर सारखाच मिसळतो. पलीकडे दोन्हींची वजाबाकी करायची: कचरा जातो, संदेश उरतो. शिवाय ८ बिटांचे १० बिट करून पाठवायचे, ते अशा बेताने की शून्य-एकची उडी कमीत कमी वेळा घ्यावी लागेल. या पद्धतीला टीएमडीएस म्हणतात आणि ती सिलिकॉन इमेजची. डीव्हीआयच्या एका दुव्यातून सेकंदाला १६.५ कोटी ठिपके जात. त्याहून मोठ्या पडद्यांसाठी त्याच कनेक्टरमध्ये दुसरा दुवा होता. अ‍ॅपलचा २००४चा ३० इंची मॉनिटर या दोन्ही दुव्यांवर चालायचा.

डीव्हीआयचा आराखडा कोणालाही उतरवून घेता येत होता. शंभर पानांच्या आतला, नीट लिहिलेला दस्तऐवज. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

वायरीवरचं कुलूप

डीव्हीआय आल्यावर एका वेगळ्याच उद्योगाचे कान टवकारले: सिनेमा.

डीव्हीडीवरचा सिनेमा कुलपात असतो. पण पडद्यावर दाखवायचा तर कुठेतरी कुलूप उघडावंच लागतं, आणि ते उघडल्यावर चित्र वायरीतून जातं. व्हीजीएची वायर असेल तर नक्कल थोडी पुसट येणार. डिजिटल वायरीतून येणारी नक्कल मात्र बिटन्‌बिट मूळच. म्हणून २०००मध्ये इंटेलने एचडीसीपी आणलं. कॉम्प्युटर आणि पडदा आधी एकमेकांची ओळख पटवतात, पटली तरच चित्र जातं, तेही सांकेतिक रूपात.

ओळख पटवण्याची रीत अशी: प्रत्येक उपकरणात ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या आणि ४० बिटांचा एक उघड क्रमांक. क्रमांकात बरोबर वीस एक आणि वीस शून्य. दोन उपकरणं क्रमांकांची अदलाबदल करतात. समोरच्याच्या क्रमांकात जिथे-जिथे एक आहे, तिथल्या-तिथल्या आपल्या किल्ल्यांची प्रत्येकाने बेरीज करायची. किल्ल्या मुळात एकाच गुप्त तक्त्यातून काढलेल्या असल्यामुळे दोघांची बेरीज सारखी येते.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं मॅट्रिक्स आठवत असेल, तर इथे घंटा वाजायला हवी. सगळा खेळ बेरजांचा आहे, म्हणजे समीकरणं रेषीय आहेत. चाळीस उपकरणांच्या किल्ल्या मिळाल्या की मूळ तक्ता सोडवता येतो. २००१मध्ये स्कॉट क्रॉसबी, इयन गोल्डबर्ग, डेव्हिड वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच शोधनिबंधात मांडलं. त्याच वर्षी नील्स फर्ग्युसन या डच सांकेतिकशास्त्रज्ञाने आपल्यालाही हे कुलूप तोडता आल्याचं सांगितलं, पण तपशील प्रसिद्ध करायला नकार दिला. अमेरिकेच्या डीएमसीए कायद्याखाली आपल्यावर खटला होईल, ही त्याची भीती होती. सप्टेंबर २०१०मध्ये ४० गुणिले ४० आकड्यांचा तो मूळ तक्ता इंटरनेटवर आला आणि तो खरा असल्याचं इंटेलने मान्य केलं.

मधल्या काळात एचडीसीपीची दुसरी आवृत्ती आली, भक्कम गणितावरची. पण नव्या आवृत्तीचा फटका वेगळ्याच माणसाला बसला. ४के सिनेमांसाठी एचडीसीपी २.२ लागू झालं आणि सुरुवातीच्या काही ४के टीव्हींमध्ये ते नव्हतंच. पडदा ४के, केबल चांगली, सिनेमा विकत घेतलेला. तरी ४के चित्र नाही. सिनेमे चोरणारे या कुलपाच्या दारात अडकून बसले, असं काही दिसलं नाही. अडकले ते बिल भरलेले.

मोबाइलवर ओटीटीवरच्या सिनेमाचा स्क्रीनशॉट घेतलात की काळा चौकोन येतो ना? तिथली यंत्रणा वेगळी आहे, ती फोनच्या आत चालते. विचार मात्र तोच: उपकरण तुमचं, पण त्यावरच्या चित्राचं ऐकणं दुसऱ्या कुणाचं.

दुसरं टेबल: टीव्हीवाले

डिसेंबर २००२मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती आली. या वेळी टेबलाभोवती बसले होते हिताची, मात्सुशिता (म्हणजे पॅनासोनिक), फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि पुन्हा एकदा सिलिकॉन इमेज. आयबीएम नाही, एचपी नाही. फॉक्स, युनिव्हर्सल, वॉर्नर ब्रदर्स आणि डिस्ने या स्टुडिओंचा पाठिंबा होता.

तांत्रिकदृष्ट्या एचडीएमआय म्हणजे डीव्हीआयचं धाकटं भावंडच. आत तेच टीएमडीएस, म्हणून साध्या अ‍ॅडॅप्टरने दोन्ही जोडता येतात. कनेक्टर मात्र १९ पिनांचा, बोटभर रुंदीचा, स्क्रूशिवाय. आणि आवाजही त्याच केबलमधून. काचेच्या नळीच्या काळात झोताला एका ओळीच्या शेवटाकडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत यायला वेळ लागे, म्हणून संदेशात रिकामी जागा ठेवलेली असे. नळ्या गेल्या तरी जागा राहिली होती. एचडीएमआयने आवाज त्या रिकाम्या जागेत बसवला. ही कल्पना मला आजही फार आवडते. जुन्या वाड्यातला वापरात नसलेला जिना काढून तिथे कपाट करावं, तसं.

पण मला जास्त बोलका वाटतो तो त्याचा दरपत्रकातला हिशेब. एचडीएमआय वापरायचं तर कंपनीने वार्षिक शुल्क भरायचं आणि शिवाय प्रत्येक नगामागे १५ सेंट. खोक्यावर एचडीएमआयचा लोगो छापला तर ५ सेंट. आणि एचडीसीपीही बसवलं तर ४ सेंट. म्हणजे कुलूप बसवणाऱ्याला सूट. एका नगावर एक सेंट म्हणजे काहीच नाही, पण लाखो नगांवर तो आकडा होतो. कुलूप सक्तीचं करावं लागलं नाही, ते स्वस्त केलं की पुरलं.

तिसरं टेबल

कॉम्प्युटरवाल्यांनी उत्तर दिलं मे २००६मध्ये: डिस्प्लेपोर्ट. तो आणला व्हेसाने. ही संस्था १९८०च्या दशकाच्या अखेरीस ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन उभी केली, म्हणजे पुन्हा आयबीएमने सोडलेल्या मोकळ्या रानातूनच. मॉनिटर स्वतःची ओळख सांगतो ती पद्धतही तिचीच. प्रत्येक मॉनिटरमध्ये १२८ बाइटांची एक चिठ्ठी असते, तिचं नाव ईडीआयडी. लिनक्सवर ती सहज वाचता येते. मी माझ्या मॉनिटरची वाचली. सुरुवात ठरलेली: शून्य, मग सहा वेळा २५५, पुन्हा शून्य. पुढे बनवणाऱ्याचं नाव, कोणकोणत्या आकाराची चित्रं दाखवता येतील त्याची यादी, आणि जन्माचं वर्षसुद्धा, १९९० वजा करून लिहिलेलं.

डिस्प्लेपोर्टने टीएमडीएस सोडलं आणि इंटरनेटसारखी रीत घेतली. चित्राचे तुकडे पाकिटांत घालून पाठवायचे. त्यामुळे एकाच केबलवर दोन-तीन मॉनिटर एकापुढे एक जोडणं शक्य झालं, आणि तीच पाकिटं दुसऱ्या कुठल्याही वाहनात घालणंही. २०१४मध्ये यूएसबी-सीचा २४ पिनांचा कनेक्टर आला, तेव्हा त्याच्यातून चित्र पाठवायला डिस्प्लेपोर्टचीच पाकिटं वापरायचं ठरलं.

डिस्प्लेपोर्टवाले काही संत नव्हेत. पहिल्या आवृत्तीत फिलिप्सचं एक कुलूप होतं, पुढच्या आवृत्तीत एचडीसीपीही आलं. व्हेसाने नगामागे पैसे मागितले नाहीत, पण २०१५मध्ये पेटंटधारकांच्या एका गटाने नगामागे २० सेंट मागायला सुरुवात केली. तरी एक फरक उरतोच. डिस्प्लेपोर्टसाठी मुक्त कोड लिहिणाऱ्याला कुणी अडवलं नाही.

एचडीएमआयच्या बाबतीत ते घडलं. २०१७मध्ये एचडीएमआय २.१ आलं आणि त्याचा आराखडा जनतेसाठी बंद राहिला. एएमडी ही कंपनी लिनक्ससाठी आपल्या ग्राफिक्स कार्डाचा कोड उघड ठेवते. २.१ची सोय त्या उघड कोडमध्ये घालण्यासाठी तिने एचडीएमआय फोरमकडे परवानगी मागितली. फेब्रुवारी २०२४मध्ये एएमडीच्या इंजिनिअरने जाहीरपणे सांगितलं की फोरमने प्रस्ताव नाकारला. परिणाम साधा होता. तेच कार्ड, तोच टीव्ही, तीच केबल. विंडोजवर पूर्ण रंगांसह सेकंदाला १२० ४के चित्रं दिसत होती, लिनक्सच्या त्या उघड कोडमधून तेव्हा दिसू शकत नव्हती. तिथे तंत्र अडलं नव्हतं, सही अडली होती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला हे जिव्हारी लागतं. कोड चुकला तर दुरुस्त करता येतो. लिहायलाच मनाई असेल तर काय दुरुस्त करणार?

व्हीजीए इतकं का टिकलं

डिसेंबर २०१०मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केलं की २०१५पर्यंत व्हीजीए निरोप घेईल. नव्या लॅपटॉपांतून ते गेलंही. आपल्याकडच्या वर्गांत आणि कार्यालयांत मात्र ते छतातून, भिंतीतून अजून डोकावतं. याला आपण आळस म्हणतो. थोडा असेलही. पण भिंतीत एकदा पुरलेली पंधरा मीटरची व्हीजीए केबल चित्र पुसट करते, बंद करत नाही. तिला ओळखपत्र लागत नाही. पलीकडे कोणता प्रोजेक्टर आहे, त्याच्याकडे कोणत्या आवृत्तीचं कुलूप आहे, असं ती विचारत नाही. डिजिटल वायर एका मर्यादेपर्यंत उत्तम चालते आणि मग एकदम काळोख.

यूएसबी-सीने तर पोर्टच्या आकारावरून काही ओळखायची सोयच ठेवली नाही. तुमच्या हातातल्या फोनलाही ते पोर्ट असेल. त्यातून मॉनिटरवर चित्र जाईल का? चित्र पाठवण्याची सोय त्या पोर्टवर ऐच्छिक आहे. एका फोनमध्ये असते, त्याच कंपनीच्या स्वस्त फोनमध्ये नसते, आणि बाहेरून दोन्ही पोर्ट अगदी जुळे. फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सगळे विचारतात. 'यातून डिस्प्लेपोर्ट बाहेर येतं का' हेही विचारून बघा. उत्तर हो असेल, तर एक जुना मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून त्या फोनवर कोड शिकता येतो, लिहिता येतं. विद्यार्थ्यासाठी तो फरक मोठा आहे.

आता तो डीव्हीआयचा दस्तऐवज. २०२१मध्ये रास्पबेरी पाय पिको नावाचा ४ डॉलरचा बोर्ड आला. त्याच्या चिपमध्ये पडद्यासाठी काहीही सोय नाही. तरी ल्यूक रेन या इंजिनिअरने निव्वळ कोड लिहून त्यातून टीएमडीएसचे बिट बाहेर काढले, सेकंदाला २५.२ कोटी, प्रत्येक जोडीवर. बोर्डाला जोडलेलं पोर्ट एचडीएमआयच्या आकाराचं, पण प्रकल्पाचं नाव त्याने पिकोडीव्हीआय ठेवलं, कारण आतून जातो तो १९९९चा मोकळा डीव्हीआय संदेश. टीव्हीला तो कळतो. सुरुवातीला पडद्यावर उमटलेल्या चित्राचा आकार होता ६४० गुणिले ४८०, म्हणजे १९८७च्या व्हीजीएचा. कोड सगळ्यांसाठी खुला आहे. वाचायला बसलात तर एखादा शनिवार-रविवार जाईल, पण शेवटी कळेल की त्या वायरीत न समजण्यासारखं काहीच नाही.